चार वाजता झुलणारी खुर्ची

"ताई, तुझे बाबा पुन्हा अडकले!" संकेत ओरडला.

ज्ञानदा धावत आली. लॅपटॉपच्या पडद्यावर तिचे बाबा तोंड अर्धवट उघडं ठेवून, एक भुवई वर करून जागच्या जागी थिजले होते. आवाज तेवढा तुटत तुटत येत होता. "ज्ञा... दा... ऐकू ये..." मग नुसती खरखर. मग तीही थांबली.

"बाबा! बाबा, हॅलो!"

काहीच नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

ज्ञानदाचे बाबा जानेवारीपासून सिंगापूरला होते. ते कामावरून खोलीवर परतत तेव्हा तिथे साडेसहा वाजलेले असत आणि इथे चार. एरवी ती विरारला फुलपाड्यात राहायची. पण आई दिवसभर बँकेत, म्हणून २००९ सालच्या त्या मे महिन्यात ती वसईतल्या सांडोरला जितूमामाकडे आली होती. मामाकडे वाय-फाय होतं. बाबा रोज दिसतील, हे सुट्टीतलं सगळ्यात मोठं आमिष! पहिले दहा दिवस ते दिसलेही. गेल्या सोमवारपासून मात्र रोज चार वाजले की बाबा असे पुतळा होऊन बसायचे.

"सकाळी तर गेम फुल स्पीडमध्ये चालतो," संकेत म्हणाला. हा मामाचा मुलगा. वय वर्षं दहा, तोंड मात्र विशीतलं. "चारलाच काय होतं? कोणी करणी केलीय का?"

"गप रे!" ज्ञानदा म्हणाली खरी, पण तिच्या अंगावर बारीक काटा आला. बाहेर केळीच्या बागेत पान हलत नव्हतं. बागेपलीकडे ॲन्सेल्म अंकलचा बंद बंगला उन्हात डोळे मिटून बसल्यासारखा दिसत होता.

त्या संध्याकाळी मामा अंधेरीच्या ऑफिसातून एक खोका घेऊनच आला.

"जुना राऊटर पाच वर्षांचा झाला. हा बघा! तीन अँटेना! आता तुझे बाबा अडकणार नाहीत, पळतील!"

खोका उघडायला समोरचा फेबियनही हजर होता. तो यंदा दहावीत जाणार होता आणि त्याच्या मोठ्या भावाचं वसई स्टेशनजवळ सायबर कॅफे होतं. त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

"अंकल, जुन्याचा पासवर्ड काय होता?"

"पासवर्ड? ठेवलाच नव्हता."

"काय!" फेबियनने कपाळावर हात मारला. "अहो, म्हणजे कोणीही फुकट वापरेल ना!"

"अरे, सांडोरमध्ये कोण येतंय इंटरनेट चोरायला? इथे चोरीला गेलीच तर केळी जातात!"

सगळे हसले, पण मुलांनी काम चोख केलं. नवीन पासवर्ड घातला. फ्रीजमागे दडवलेला राऊटर कपाटावर उंच, मोकळ्या जागी ठेवला. आपल्या वाय-फायला कोणकोणती यंत्रं जोडली आहेत ती यादी उघडून पाहिली, तर त्यात घरचेच दोन कॉम्प्युटर होते. असलाच कोणी चोर, तर तो आता बाहेर! स्पीड मोजला, तर जुन्याच्या दुप्पट!

"झालं काम!" मामाने जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चार वाजून तीन मिनिटांनी बाबा हसता हसता अडकले.

ज्ञानदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण फेबियनने खिशातून एक निळी केबल काढली आणि लॅपटॉप सरळ राऊटरला जोडला. त्याबरोबर बाबा सुटले! "अगं, ऐकू येतंय का?" ते विचारत होते. बोलणं झालं, आणि फेबियनने केबल काढली. पुन्हा सगळं ठप्प.

"बघा हां," तो हळू आवाजात म्हणाला. "वायरीतून नीट चालतं. म्हणजे बाहेरून येणारं इंटरनेट ठीक आहे. राऊटर तर कालच आणलाय. मग बिघाड आहे तो मधल्या हवेत."

"हवेत?" संकेतने आजूबाजूला पाहिलं.

"वाय-फाय ज्या लहरींवर चालतं ना, त्याच लहरी बाकीचीही यंत्रं सोडतात. एकाच खोलीत दोघं ओरडायला लागले तर कोणाचंच ऐकू येत नाही, तसं. चार वाजता इथे काहीतरी ओरडायला लागतं."

मायक्रोवेव्हचं बटण बंद केलं. बिनवायरचा फोन काढून ठेवला. फरक शून्य. मग फेबियनची नजर हॉलमधल्या टीव्हीशेजारच्या पांढऱ्या डबीवर गेली. ती मामाची लाडकी खरेदी होती. ती डबी खालच्या टीव्हीचं चित्र हवेतून वरच्या खोलीतल्या टीव्हीवर पाठवायची, म्हणजे मामाला झोपून मॅच बघता यायची.

"हाच आरोपी असणार! मी हिची पिनच काढतो. संकेत, वर जाऊन टीव्ही लाव. निळा पडदा दिसला की सांग."

संकेत धडधडत वर गेला. मग त्याचा विचित्र, बारीक आवाज आला, "ताई... तुम्ही खरंच पिन काढलीय?"

"हो! का?"

"मग वर हे काय दिसतंय?"

दोघं जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर गेले.

पडद्यावर राखाडी रंगाचं, आडव्या पट्ट्यांनी थरथरणारं चित्र होतं. एक अंधारी खोली. बंद खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची एकच रेघ. आणि मधोमध, पाठमोरी, एक वेताची उंच आरामखुर्ची. खुर्चीवर कोणी दिसत नव्हतं. पण ती झुलत होती. पुढे... मागे... पुढे... मागे... आणि टीव्हीतून आवाज येत होता. कर्र... कर्र...

"बंद कर," संकेत कुजबुजला. "ताई, बंद कर ना!"

ज्ञानदाने फेबियनकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला होता.

"त्या खुर्चीच्या पाठीवर मासा विणलाय," तो कसाबसा म्हणाला. "दिसतोय? अख्ख्या वसईत अशी एकच खुर्ची आहे. थेरेसा आंटीची! ॲन्सेल्म अंकलनी बायकोसाठी करून घेतली होती. मागच्या वर्षी आंटी त्याच खुर्चीत बसल्या बसल्या..." त्याने छातीवर क्रुसाची खूण केली. "अंकल त्यानंतर बंगला बंद करून कॅनडाला मुलीकडे गेले. तिथे कोणी राहत नाही, ज्ञानदा. कोणीच नाही!"

कर्र... कर्र... आणि त्या आवाजाच्या आत आणखी एक आवाज होता. कोणाचा तरी श्वास. लांब, थकलेला.

तिघंही कधी खाली आले आणि कधी अंगणात पोचले, ते त्यांनाही कळलं नाही.

संध्याकाळी मामाने सगळं ऐकलं आणि वर जाऊन टीव्ही लावला. निळा पडदा! "उन्हात फिरू नका, म्हणून सांगतो ना तुम्हाला," तो हसत म्हणाला. पूर्वीमामीने तिघांची दृष्ट काढली आणि विषय संपवला.

ज्ञानदाला मात्र जेवण जाईना. तिला भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त तो श्वास आठवत होता. आजीला दमा होता तेव्हा ती असाच श्वास घ्यायची.

शुक्रवारी दुपारी मामी पापडी गावच्या बाजाराला गेली. पावणेचारला तिघं वरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले. फेबियनच्या मुठीत जपमाळ होती, संकेतच्या हातात बॅट.

"भुताला बॅट लागत नाही, येड्या," फेबियन म्हणाला.

"मला लागते ना!"

चार वाजून दोन मिनिटांनी निळा पडदा थरथरला आणि चित्र उमटलं. सगळ्यात आधी एक भलामोठा, धूसर हात! संकेतने किंकाळी फोडली. हात मागे सरकला, चित्राबाहेर गेला. दार आपटल्याचा आवाज आला. मग खट्‌... खट्‌... कुलूप लागल्यासारखं.

"त्या हाताला घड्याळ होतं," ज्ञानदा म्हणाली.

"काय?"

"रुंद पट्ट्याचं घड्याळ. भूत घड्याळ लावतं का रे?"

खुर्ची झुलू लागली होती. कर्र... कर्र... आज नीट निरखल्यावर ज्ञानदाला खुर्चीच्या पाठीवरून जरासा वर आलेला एक पांढरा अंबाडा दिसला. सुपारीएवढा. कोणीतरी खूप लहानखुरं माणूस त्या खुर्चीत बुडून बसलं होतं.

वीस मिनिटं गेली. मग खुर्चीच्या हातावर एक काटकुळा हात आला. एक वाकलेली आकृती उठली. भिंतीला धरत धरत ती टेबलाकडे निघाली. टेबलावर तांब्या होता. हात पुढे झाला, बोटं तांब्याला लागली, आणि आकृती एकदम चित्राच्या कडेखाली दिसेनाशी झाली. तांब्या ठणाणा वाजत घरंगळला. रिकामी खुर्ची एकटीच झुलत राहिली.

आणि मग आवाज आला. अगदी बारीक.

"पानी... कोनी हाय का? पानी..."

फेबियन ताडकन उभा राहिला. "हा थेरेसा आंटीचा आवाज नाही! त्या आमच्या बोलीत बोलायच्या, असं नाही."

त्याच क्षणी टीव्हीतून पाववाल्याच्या सायकलचा भोंगा ऐकू आला. पों... पों... आणि तोच भोंगा, त्याच वेळी, खिडकीतूनही आला!

"ते आत्ताचं आहे!" ज्ञानदा ओरडली. "आत्ता, इथेच, बागेपलीकडे चाललंय ते! फेबियन, तिथे कॅमेरा आहे. बिनवायरचा. तोच आपल्या वाय-फायवर ओरडतोय. आणि भुताला तहान लागत नाही रे! आत कोणीतरी आजी पडल्या आहेत!"

बोलता बोलता चित्र विझलं. खालचा फ्रीज बंद पडला, पंखा मंदावला. लोडशेडिंग! म्हणजे तिकडेही पंखा थांबला असणार. बंद खिडक्या आणि मे महिन्यातली दुपार!

तिघं केळीच्या बागेत घुसले. बागेत ऊन हिरवं होऊन झिरपत होतं आणि वाळकी पानं पायाखाली कुरकुरत होती. प्रत्येक केळीमागे कोणीतरी उभं आहे, असं ज्ञानदाला वाटत होतं. तरी तिचे पाय थांबले नाहीत.

बंगल्याच्या दाराला हाताएवढं कुलूप. खिडक्या बंद, बाहेरून लोखंडी जाळ्या. मागचं दारही आतून घट्ट. ज्ञानदाने खिडकीच्या फळीला कान लावला.

"आजी! आजी, ऐकू येतंय का?"

आत शांतता. मग लाकडावर नखाने खरडल्यासारखा आवाज आला. एकदा. दोनदा.

"आजी, आम्ही आलोय! घाबरू नका!" ती म्हणाली, आणि घाबरल्यामुळे तिचाच आवाज चिरकला. "फेबियन, किल्ली कोणाकडे असते?"

"भावेशदादाकडे. तो नाक्यावरचा दुकानवाला. झाडांना पाणी घालायला अंकलनी त्याच्याकडे ठेवलीय."

संकेतला खिडकीशी बोलत राहायला सांगून दोघं नाक्याकडे धावले. "काय बोलू?" त्याने मागून विचारलं. "काहीही! पण थांबू नकोस!"

भावेशदादाच्या दुकानात इन्व्हर्टरवर छोटा टीव्ही चालू होता आणि पाच-सहा जण काउंटरवर ओणवून मॅच बघत होते.

"भावेशदादा, ॲन्सेल्म अंकलच्या बंगल्यात..."

अंकलचं नाव ऐकताच भावेश दचकला. "बंगला बंद आहे. कोणी नाही तिथे."

"अहो पण आत..."

"नाही म्हटलं ना! उंदीर असतील. शेवटची ओव्हर आहे रे, बाजूला व्हा!"

फेबियन पुन्हा बोलायला गेला, पण कोणीतरी चौकार मारला आणि दुकानात एकच गलका झाला. ज्ञानदाचं लक्ष मात्र भावेशच्या हाताकडे गेलं होतं. रुंद पट्ट्याचं स्टीलचं घड्याळ! तिने छोट्या टीव्हीकडे पाहिलं. त्याच्या मागे मामाच्या डबीसारखीच एक पांढरी डबी होती. म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र ह्याच टीव्हीवर यायला हवं होतं. आणि त्यावर दादा मॅच बघत होता!

तो ऐकणार नव्हता. पण एका गोष्टीला तो घाबरत होता, हे तिला कळून चुकलं होतं.

"बरं," ती मोठ्याने म्हणाली. "मग अंकलना आम्ही काय सांगू? ते कॅनडाहून आलेत. बॅगा घेऊन फाटकात उभे आहेत. कुलूप उघडायला बोलावलंय तुम्हाला."

भावेशच्या हातातून रिमोट पडला.

"कोण आलंय?"

पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. खिळ्यावरची किल्ली ओढून, काउंटरवरून उडी मारून तो असा सुटला, की मॅच बघणारेही वळून बघत राहिले. दोघं त्याच्या मागे धावले.

फाटकात कोणीच नव्हतं. खिडकीशी संकेत घसा बसेपर्यंत पाढे म्हणत होता. तो एकोणतीसच्या पाढ्यावर आला होता आणि निम्मा चुकवत होता.

"कुठे आहेत अंकल?" भावेशने धापा टाकत विचारलं. मग त्याचा चेहरा लाल झाला. "खोटं बोललीस? माझ्याशी मस्करी..."

"पानी..." आतून आवाज आला.

भावेशचा हात हवेतच राहिला. "आये!" तो एवढंच म्हणाला. त्याला किल्ली कुलपात घालता येईना. शेवटी फेबियनने ती हातातून घेतली आणि कुलूप काढलं.

आतली हवा भट्टीसारखी तापली होती. भावेशची आई, नर्मदाआजी, जमिनीवर कुशीवर पडल्या होत्या. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. पाय वेडावाकडा दुमडला होता. भावेश त्यांना उचलायला धावला, तेवढ्यात ज्ञानदा ओरडली, "उचलू नका! पाय मोडला असेल तर? आधी खिडक्या उघडा!"

आणि आश्चर्य म्हणजे त्याने ऐकलं. खिडक्या धाडधाड उघडल्या. ज्ञानदाने ओढणी भिजवून आजींच्या कपाळावर, मानेवर फिरवली. आजी डोळे उघडून तिच्याकडे बघू लागल्या, तेव्हा तिने चमच्याने थेंब थेंब पाणी त्यांच्या ओठांत सोडलं. फेबियन सायकलवर डॉक्टरांकडे सुटला होता. संकेत पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि न थांबता बोलत होता, कारण थांबू नकोस, असं त्याला सांगितलं होतं!

डॉक्टर आले. त्यांनी सलाईन लावलं, पाय फळीला बांधला. "हाड मोडलेलं नाही, मुरगळलंय," ते म्हणाले. मग घाम पुसत त्यांनी तिघांकडे पाहिलं. "आणखी तासभर अशाच राहिल्या असत्या, तर मला बोलवून उपयोग झाला नसता. कोणाला कळलं आधी?"

"वाय-फायला!" संकेत म्हणाला.

संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात सगळे जमले. मामा, मामी, फेबियनची आई, दोन-चार शेजारी. भावेश मान खाली घालून उभा होता.

"घरी स्लॅबचं काम चाललंय, बायको बाळंतपणाला माहेरी. आई विसरते हल्ली. बाहेर पडली की वाट चुकते. म्हणून सोमवारपासून इथे आणून ठेवलं. अंकलना विचारलं नाही, म्हणून कोणालाच सांगितलं नाही. दुपारी दुकान उघडायचं, तर कॅमेरा लावून, कुलूप घालून जायचो. म्हटलं, दुकानातून दिसत राहील..."

"दिसत होती?" मामीने विचारलं.

"मॅच चालू होती," भावेश पुटपुटला, आणि खांबाला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. ज्ञानदाला त्याचा राग आला होता, पण आता तिला त्याच्याकडे बघवेना.

फेबियनच्या आईने कॅनडाला फोन लावला. ॲन्सेल्म अंकल आधी इतके ओरडले, की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग त्यांनी आजी कशा आहेत ते विचारलं. "स्लॅब होईपर्यंत राहू दे त्यांना," ते म्हणाले. "थेरेसाच्या खुर्चीत कोणीतरी बसलंय, हे बरं वाटलं. पण ते कुलूप विहिरीत टाका!"

"आणि दुपारी मी बसेन आजींजवळ," मामीने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

मामाने तिघांना जवळ घेतलं. "काल मी हसलो, ते चुकलं माझं. भूत म्हणून पळाला असतात तरी कोणी नावं ठेवली नसती. तुम्ही पुन्हा जाऊन बसलात आणि नीट बघितलंत. शाब्बास रे!"

शनिवारी चार वाजता कॅमेरा लागलाच नाही. तरी फेबियनने राऊटरच्या लहरींचं चॅनेल बदलून पार दुसऱ्या टोकाला नेलं. न जाणो, उद्या आणखी कोणी काही आणलं तर! बाबा अर्धा तास न अडकता दिसले आणि त्यांनी सगळी हकिकत दोनदा ऐकली.

बोलणं संपल्यावर ज्ञानदा बंगल्यावर गेली. नर्मदाआजी व्हरांड्यात पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती. आजींनी तिला खुणेने जवळ बोलावलं आणि बारीक डोळे करून विचारलं, "माझ्या पोराला खोटं सांगून पळत आनलंस, ती तूच का गो?"

ज्ञानदाचे कान तापले. "हो, आजी. चुकलं माझं. पण ते ऐकतच नव्हते."

"माझं तरी कुठं ऐकतो!" आजी म्हणाल्या, आणि दात नसलेल्या तोंडाने खुदखुदून हसल्या. मग त्यांनी तिचा हात आपल्या सुरकुतलेल्या हातात घेतला. "बेस केलंस, पोरी. बस जरा. कालचा तो पोरगा पाढे म्हनत व्हता, त्याला पन बोलव. एकोनतीस साते किती ते त्याला येत नाय. मला येतं!"